कारखान्याचे गुपित आणि कारागिराचा हात

कारखान्यातील हेरगिरीवर थोड्या खर्चात काढलेले जे थरारपट येतात, त्यांचा साचा बहुधा ठरलेला असतो. रात्रीची वेळ, ऑफिसात काळोख, हातात विजेरी घेतलेला कोणी तिजोरी उघडतो, कागदांचे फोटो घेतो, आणि सकाळी ते कागद दुसऱ्या कंपनीच्या मालकापुढे पोचतात. पाहताना बरे वाटते. पण धंद्यातील गुपितांचा खरा इतिहास चाळला तर तिजोरी फार क्वचित भेटते. गुपित बहुतेक वेळा एखाद्या माणसाच्या हातात, नजरेत आणि आठवणीत असते. मग भांडण त्या माणसावरूनच सुरू होते. त्याने शिकलेले कसब त्याचे, की त्याला कामावर ठेवणाऱ्या मालकाचे? या भांडणाची सुरुवात दूर युरोपात झाली. तिथून निघून आपल्याला ओगलेवाडी, किर्लोस्करवाडी आणि सांगलीच्या हळदपेठेपर्यंत यायचे आहे.

इटलीतील व्हेनिस शहरात काचेच्या भट्ट्या होत्या. आगीचे भय म्हणून १२९१ साली त्या शेजारच्या मुरानो बेटावर हलवण्यात आल्या. आगीचे निमित्त खरे, पण बेटाचा दुसराही फायदा सरकारच्या ध्यानात आला. बेटावरचा माणूस सहजासहजी पळत नाही. काच करणाऱ्यांना तिथे मोठा मान होता, मात्र परवानगीवाचून देश सोडण्याची त्यांना बंदी होती. सोन्याचा पिंजरा म्हणतात तो हाच! तरीही १६६५ च्या सुमारास फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याने माणसे पाठवून, भरपूर पैसा दाखवून तिथले आरसे करणारे कारागीर पॅरिसला नेले. कागद कुणी चोरला नाही. माणसेच नेली.

आता आपल्याकडचे पाहू. अठराव्या शतकात हिंदुस्थानच्या छापील, रंगीत छिटाचे युरोपला वेड लागले होते. धुतले तरी रंग जात नाही, हे तिकडच्या लोकांना कोडेच वाटे. तिकडच्या विणकरांनी ओरड केली म्हणून फ्रान्सने १६८६ पासून १७५९ पर्यंत हे कापड बंद ठेवले होते, तरी लोक चोरून नेसत. अशा वेळी पाँडिचेरीकडे राहणाऱ्या केर्दू नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १७४२ साली एक लांबलचक पत्र मायदेशी पाठवले. त्याच्या हाताखाली ख्रिस्ती झालेले काही रंगारी होते. त्यांच्याकडून त्याने सारी कृती काढून घेतली आणि पायरीपायरीने लिहिली. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात बुडवायचे, मग तुरटी लावायची, तेव्हा कुठे लाल रंग धाग्याला धरतो. महाबळेश्वर-जावळीच्या रानात हिरडा वेचणाऱ्यांना यातले निम्मे शिक्षण घरबसल्याच असेल. ते पत्र छापले गेले आणि कृती सर्वांची झाली. ज्या रंगाऱ्यांनी भरवशाने सांगितले, त्यांच्या पदरात काही पडले नाही. पुढे यंत्रावर छापलेले विलायती कापड आपल्याच बाजारात येऊन बसले.

इंग्रजांनी दुसऱ्याकडून शिकताना हात आखडला नाही, पण स्वतःची यंत्रे हाती येताच दारे लावून घेतली. कापडाच्या गिरणीतील कारागिराने देश सोडू नये, यंत्रे वा त्यांचे नकाशे बाहेर नेऊ नयेत, असे कायदे त्यांनी केले. कारागिरांवरचे बंधन १८२४ साली उठले, यंत्रांवरचे १८४३ साली. त्या काळात सॅम्युएल स्लेटर नावाचा एकवीस वर्षांचा तरुण गिरणीत उमेदवारी पुरी करून १७८९ साली गुपचूप अमेरिकेस गेला. बरोबर एकही कागद नव्हता. सारे यंत्र त्याने डोक्यात नेले आणि तिकडे सूतगिरणी उभी करून दिली. अमेरिकेत तो कापडधंद्याचा जनक ठरला. इंग्लंडात त्याला देशद्रोही म्हणत. एकाच माणसाला ही दोन नावे मिळाली, ती दोन किनाऱ्यांवरून पाहिल्यामुळे.

आपल्या भागातील धंदे उभे राहिले ते या जगात. यंत्र विकत मिळे, त्यामागची विद्या मिळत नसे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण घ्या. ते मुंबईच्या तंत्रशाळेत शिकवीत होते, पुढे बेळगावात सायकलचे दुकान काढले, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा दिली आणि १९१० साली तिथल्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेव्हा तो मुलूख औंध संस्थानात होता. १९४९ मध्ये तो दक्षिण सातारा जिल्ह्यात आला, आणि १९६० पासून त्याच जिल्ह्याला आपण सांगली म्हणतो.

विलायती नांगर समोर ठेवून आपला नांगर करायचा, यात चोरी कसली? उघड्या बाजारात विकलेली वस्तू कोणीही खोलून पाहावी. पण खोलून सारे दिसत नाही, हीच अडचण. नांगराच्या फाळाचेच बघा. इंग्लंडात रॅन्सम नावाच्या लोहाराने १८०३ साली अशी युक्ती काढली, की बिडाचा रस ओतताना फाळाची खालची बाजू थंड लोखंडाला टेकून झटकन निवावी. त्यामुळे ती बाजू कठीण होते, वरची मऊ राहते. जमिनीत चालताना मऊ बाजू आधी झिजते, आणि फाळाला आपोआप धार येत राहते. आता हा फाळ हातात घेऊन कितीही न्याहाळा, तो कसा निवला हे त्याच्यावर लिहिलेले नसते. बीड कोणते, रस किती तापलेला, साचा ओला की कोरडा, हे ओतशाळेत शंभरदा फसूनच कळते. त्यात लोखंडी नांगराने जमिनीला विष चढते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. पहिल्या महायुद्धात परदेशी माल थांबला, नांगराला मागणी आली, तर बीड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या, ही हकीकत आपल्या भागात सर्वश्रुत आहे.

काचेची गोष्ट याहून वेगळी, आणि मला विशेष वाटते. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा वर्गणी गोळा केली, लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिले, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. जपान आणि अमेरिकेत जाऊन काचेची विद्या शिकलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे प्रमुख होते. आता मुरानोची आठवण ठेवा. तिथे कारागीर बाहेर जाऊ नये म्हणून पहारा, आणि तळेगावास कारागिराने शिकावे आणि बाहेर जाऊन दुसरा कारखाना काढावा, हाच उद्देश! नफ्याच्या हिशेबाने हा वेडेपणा होता. स्वतःचे प्रतिस्पर्धी स्वतःच तयार करायचे. पण तिथे शिकलेल्यांपैकी श्रीपाद प्रभाकर ओगले यांनी आपल्या भावांसह १९१६ साली कऱ्हाडजवळ काचेचा कारखाना काढला. त्यालाही पंतप्रतिनिधींचा आश्रय होता. आज कऱ्हाडचे रेल्वे स्टेशन आहे ते याच ओगलेवाडीत. वडिलांच्या नावावरून तिथल्या कंदिलाचे नाव प्रभाकर पडले.

कंदिलाची काच म्हणजे साधी गोष्ट नव्हे. आतून ज्योतीची धग, बाहेरून पावसाचा थेंब. फुंकून केलेली काच एकदम गार झाली तर तिच्या अंगात ताण राहतो आणि ती केव्हाही तडकते. म्हणून ती लांबट भट्टीतून हळूहळू निववावी लागते. किती हळू, हेच गुपित. प्रभाकर कंदील गोठ्यात, खळ्यावर, शाळामास्तरांच्या टेबलावर सगळीकडे गेला. पुढे वीज आली, कारखाना बंद पडला, तरी गावाचे नाव राहिले.

स्वातंत्र्यानंतर मामला उलटा झाला. आता आपलेच कारखानदार परदेशी कंपनीला पैसे मोजून विद्या विकत घेऊ लागले, आणि विकत घेतलेल्या विद्येवर कुलूप लावू लागले. सातारा-सांगलीकडची पोरे पिढ्यान्‌पिढ्या मुंबई-कल्याणच्या गिरण्यांत जात आली आहेत. तेव्हा कल्याणचा एक खटला इथे सांगितला पाहिजे. सेंच्युरी कंपनीने १९६१ साली हॉलंडच्या एका कंपनीशी करार केला. मोटारीच्या टायरमध्ये घालतात तो रेयॉनचा दोरा कसा करायचा, ही विद्या १ लाख ४० हजार जर्मन मार्क देऊन घेतली. अट अशी की गुपित बाहेर जाऊ नये, आणि कामगारांकडूनही तसे लिहून घ्यावे. १९६३ च्या मार्चमध्ये एका शिफ्ट सुपरवायझरला पाच वर्षांच्या करारावर नेमले. त्याला कित्येक महिने शिकवले. दीड वर्षानंतर तो काम सोडून राजस्थानात कोट्याला गेला. तिथे तसाच दोरा करणारी गिरणी उभी राहत होती आणि पगार जास्त होता.

कंपनी कोर्टात गेली. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम आहे. कोणाला धंदा वा नोकरी करण्यापासून अडवणारा करार निरर्थक, असे ते सांगते. सुपरवायझरने त्याचाच आधार घेतला. कल्याणचे कोर्ट, मुंबईचे हायकोर्ट, आणि १९६७ च्या जानेवारीत दिल्लीचे सुप्रीम कोर्ट, तिन्ही ठिकाणी तो हरला. मात्र सुप्रीम कोर्टाने जी रेघ ओढली ती नीट पाहावी. बंदी कराराच्या पाच वर्षांपुरती, म्हणजे १५ मार्च १९६८ पर्यंतच. तीही टायरच्या दोऱ्याच्या कामापुरती. दुसरे कोणतेही काम करून पोट भरायला त्याला मोकळीक होती. नोकरी चालू असतानाचे बंधन वेगळे आणि नोकरी संपल्यावरचे वेगळे, असा भेद कोर्टाने केला. मला स्वतःला यात कंपनीची बाजू पुरती खोटी वाटत नाही. तिने पैसा मोजला होता. पण महिन्याच्या पगारावर जगणारा एक मनुष्य आणि तीन कोर्टे चढणारी कंपनी, ही जोडी बरोबरीची नव्हे, हेही विसरता येत नाही.

आता अगदी घरची गोष्ट. अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली एक पेटंट मिळाले. कशाचे? जखमेवर हळद लावण्याचे! अर्ज करणारे शास्त्रज्ञ मूळचे आपल्याच देशातले. पेटंट म्हणजे काही वर्षांपुरता मक्ता. दुसऱ्याने ती गोष्ट त्या देशात विकायची तर मालकाची परवानगी हवी. सांगली ही हळदीची केवढी पेठ हे मी इथल्या श्रोत्यांना काय सांगावे! विळ्याने बोट कापले की चिमूटभर हळद दाबणारी आपली आजी एका रात्रीत दुसऱ्याच्या मक्त्यात आली होती, निदान अमेरिकेपुरती.

भारत सरकारच्या विज्ञान-संशोधन परिषदेने, तेव्हा तिचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर होते, या पेटंटला हरकत घेतली. इथे एक चमत्कारिक अडचण आली. जे सर्वांना ठाऊक असते ते कोणी लिहून ठेवत नाही, आणि तिकडच्या कचेरीला हवा होता छापील पुरावा. आजीची साक्ष चालत नव्हती. मग संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ धुंडाळले. १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय मासिकातील लेखही सापडला. असे बत्तीस दाखले पुढे ठेवले, तेव्हा १९९७ मध्ये त्या कचेरीने पेटंट रद्द ठरवले. या धड्यावरून २००१ पासून जुन्या वैद्यकीय ग्रंथांतील कृती परकीय भाषांत उतरवून त्यांचा संग्रह करण्याचे काम सरकारने हाती घेतले. परदेशातील पेटंट तपासनिसांना तो संग्रह पाहता येतो. केर्दू पाद्र्याने आपली कृती लिहून नेली तेव्हा ती आपल्या हातून गेली. आता लिहून ठेवली म्हणजे ती राहते, असा हा उलटा फेरा आहे.

२०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा अर्थ पुष्कळ शेतकऱ्यांना नीट सांगितला जात नाही, म्हणून दोन शब्द. या मानांकनाने नाव राखले जाते. दुसरीकडची हळद सांगलीची म्हणून कोणी विकू शकत नाही. कृतीवर मात्र कोणाचाही मक्ता येत नाही. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूरला जमिनीत खोल पेवे खणून त्यांत वर्षानुवर्षे हळद साठवीत. कीड लागत नसे, रंग टिकत असे. २००५ च्या महापुराचे पाणी त्या पेवांत शिरले आणि कित्येक पेवे निकामी झाली. पेव कुठल्या मातीत धरते, ते कसे भरावे, तोंड केव्हा बंद करावे, हे ज्यांच्या हाताला ठाऊक ती माणसे आता वयोवृद्ध झाली आहेत. हरिपूरच्या आसपासच्या शिक्षकांनी शाळेतील मुलांना एकदा त्यांच्याकडे वह्या घेऊन पाठवावे. विचारले तर ती मंडळी आनंदाने सांगतात.