पांढरीतून वर आलेलं तगर

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराची एक मार्गदर्शिका लिहिली. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या नावाने ती आज ओळखली जाते. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. माणूस हिशेबी होता. कुठल्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, जहाज कुठे गाळात रुततं, यापलीकडे त्याला फारसं सांगायचं नसतं. दख्खनच्या आतल्या भागातल्या दोन बाजारपेठा त्याने ठळकपणे नोंदल्या. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, बरंच मोठं शहर. पैठणहून मौल्यवान दगड येतात. तगरहून साधं कापड ढिगाने येतं, शिवाय मलमलीच्या नाना तऱ्हा. हा सगळा माल धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला उतरवला जातो, एवढंही तो लिहून जातो.

पैठण कुणी विसरलं नाही. तगर मात्र हरवलं.

हरवलं म्हणजे नाव उरलं आणि जागा गेली. ठाण्याचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत राहिले. मूळ गाव सोडून पिढ्या उलटल्या तरी आडनावात ते जपणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. पण हे तगर नेमकं कुठलं, हे एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांना सांगता येईना. कुणी देवगिरी म्हटलं, कुणी वेरूळजवळचं रोजे. पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरकडे बोट दाखवलं, तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना धारूर संभवनीय वाटलं. प्रत्येकाकडे काही ना काही पुरावा होता आणि प्रत्येकाच्या नकाशात अंतर कुठेतरी चुकत होतं.

1901 साली जॉन फेथफुल फ्लीट यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात निर्णायक लेख लिहिला. सनदी अधिकारी असलेला हा माणूस कानडी आणि संस्कृत शिलालेखांत मुरलेला होता. त्यांचं उत्तर होतं तेर. तेरणा नदीच्या काठचं, तेव्हा निजामाच्या राज्यातल्या नळदुर्ग जिल्ह्यात मोडणारं, इंग्रजी नकाशांवर 'थैर' असं काहीतरी छापलेलं एक गाव. पैठणपासूनचं अंतर जुळत होतं. दिशा अगदी पूर्व नव्हती, आग्नेयेकडे झुकत होती; पण गाडीवाटेने आलेल्या मालावरून दिशा सांगणाऱ्या परदेशी व्यापाऱ्याकडून याहून काटेकोरपणाची अपेक्षा कशी करणार? शिवाय 612 सालच्या, दुसऱ्या पुलकेशीच्या हैदराबाद ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी असल्याचा उल्लेख होता. म्हणजे सातव्या शतकातही हे गाव नांदतं होतं. जैन परंपरेतही त्याची खूण सापडते. मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापुराचा आणि जवळच्या लेण्यांचा उल्लेख येतो. ती लेणी धाराशिवची. फ्लीटचा लेख आला आणि पाठोपाठ पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स तेरला पोचले. 1902-03 च्या खात्याच्या वार्षिक अहवालात तेरच्या देवळांवर त्यांचं स्वतंत्र टिपण आहे.

पण गावाची खरी कहाणी या लेखांत आणि अहवालांत नाही. ती सुरू होते पांढरीत.

मराठवाड्याच्या जुन्या बोलीत शेतजमीन ती काळी आणि गावठाण ती पांढरी. शेकडो वर्षं घरं बांधली गेली, पडली, त्यांवर पुन्हा बांधली गेली. विटा, चुलीची राख, शेण, भिंतींची माती यांचे थर चढत गेले आणि गावाखाली पांढुरक्या मातीचं टेकाड उभं राहिलं. ही माती चिवट असते. माळवदाच्या छपरावर तिचा थर दिला की पावसाचं पाणी आत झिरपत नाही. म्हणून दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, लोक पांढर खणून माती नेत आले आहेत. तेरमध्ये या खणण्यातून मातीबरोबर आणखीही बरंच काही वर आलं. शिशाची आणि तांब्याची नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, काचेचे आणि कार्नेलियनचे मणी, मातीची मुंडकी. पावसाने टेकाडाची कड ढासळली की वेगळं खणायचीही गरज पडत नसे.

अशा वस्तूंचं गावोगाव काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मणी पोरांच्या खेळण्यात जातात, नाणी देवघरात किंवा सोनाराकडे, आणि मूर्तीचं डोकं चांगलं असेल तर एखादा फिरता दलाल ते उचलून मुंबईला नेतो. तेरमध्ये हे झालंच नाही असं कुणी म्हणणार नाही. पण इथे एक वेगळा माणूस होता. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचे व्यापारी. हातात येणाऱ्या या तुकड्यांचं मोल त्यांना कळलं. गावकऱ्यांना सापडलेल्या वस्तू ते मिळवत गेले, जपत गेले. कुठल्या संस्थेचं पाठबळ नाही, पुरातत्त्वाची पदवी नाही. तरीही हा संग्रह हजारोंच्या घरात गेला. 1960 साली ब्रिटिश म्युझियमचे अभ्यासक डग्लस बॅरेट यांनी तेरवर छोटेखानी पुस्तक काढलं ते या संग्रहाच्या बळावर, आणि मुंबईच्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटने ते प्रसिद्ध केलं. पुढे याच संग्रहातून तेरचं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं, आणि त्याला लामतुऱ्यांचंच नाव देण्यात आलं. महाराष्ट्रात राजेरजवाड्यांच्या संग्रहांची संग्रहालयं झाली, पुण्यात दिनकर केळकरांच्या छंदाचं झालं. पण आपल्याच गावच्या मातीतून निघालेल्या वस्तू गावातच राहिल्या आणि त्यांचं संग्रहालय गावातच झालं, असं उदाहरण विरळा.

संग्रहातला सर्वांत नावाजलेला ऐवज म्हणजे हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती. डॉ. मोतीचंद्र तेव्हा मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे संचालक होते. त्यांनी 1960 मध्येच 'ललित कला' या नियतकालिकात तिच्यावर लेख लिहिला. तिची ख्याती अशी की तिची बहीण इटलीत आहे. 1938 साली पाँपेईच्या उत्खननात हस्तिदंताची एक भारतीय स्त्री सापडली. दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दोन लहान दासी. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे आणि 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणून ओळखली जाते. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने पाँपेई गाडलं, म्हणजे ती त्याआधीच तिथे पोचली होती. ठेवण, दागिने, अंगयष्टी यांत तेरची मूर्ती तिच्या जवळची आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही अशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा तुकडा मिळाला. तिन्ही समोर ठेवल्या की पाँपेईची बाई दख्खनच्याच कारागिराच्या हातची असावी, या मताला वजन येतं. या मूर्ती आरशाच्या मुठी असाव्यात असाही एक तर्क आहे. ज्या बाईच्या हातात तो आरसा होता, तिला आपण दोन खंडांच्या व्यापाराचा पुरावा हातात धरला आहे हे अर्थातच ठाऊक नव्हतं.

हस्तिदंती बाहुलीपाशी पाहुणे रेंगाळतात ते योग्यच, पण तेरची खरी श्रीमंती पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्तींत आहे. पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही जोडून भाजायचे, म्हणजे मूर्ती आतून पोकळ आणि हलकी होते. हे दुहेरी साच्याचं तंत्र रोमी जगातून आलं असं अनेक अभ्यासक मानतात. पण चेहरे इथलेच आहेत. केशरचनांचे नखरे, कानातली जड भूषणं, मूल कडेवर घेतलेल्या बायका, आणि मस्तकाच्या जागी कमळ असलेली लज्जागौरी, जिच्यावर रा. चिं. ढेरे यांनी पुढे स्वतंत्र ग्रंथ लिहिला. याच कपाटांत रोमन नाण्यांची मातीत केलेली नक्कल आहे, गळ्यात अडकवता येतील अशी पदकं. परदेशी सम्राटाचा मुखवटा दागिना म्हणून मिरवणाऱ्या तेरकरांना तो सम्राट कोण याच्याशी काय देणंघेणं असणार! नाणं परदेशी, चमकतं, प्रतिष्ठेचं, एवढं पुरेसं होतं.

आता या संग्रहाची अडचणही सांगायला हवी. पांढर खणताना सापडलेली वस्तू कुठल्या थरातून आली, तिच्या शेजारी काय होतं, ती घरात होती की कचऱ्याच्या खड्ड्यात, याची नोंद कुणी केली नाही. अभ्यासकाला हे फार जाचतं. सुंदर मुंडकं हातात असतं आणि त्याचा काळ केवळ शैलीवरून ठरवावा लागतो. म्हणूनच बा. ना. चापेकर यांनी 1958 मध्ये केलेलं उत्खनन महत्त्वाचं, ज्याचा अहवाल 1969 साली पुण्यात छापला गेला. त्यात विटांनी बांधलेली गोल टाकी मिळाली. ती कापड रंगवण्याची असावीत असं मानलं गेलं. 'पेरिप्लस'चा व्यापारी तगरच्या कापडाबद्दल लिहितो आणि सुमारे एकोणीसशे वर्षांनी त्याच जागी रंगाऱ्यांची टाकी हाती येतात, हा योग संशोधकालाही रोज लाभत नाही. नंतरच्या खोदकामांत विटांच्या मोठ्या स्तूपाचे अवशेषही निघाले. तरीही तेरचा फार थोडा भाग उकरला गेला आहे, कारण गाव जिवंत आहे. लोकांच्या घरांखालीच शहर आहे. घरं हलवून उत्खनन करा असं कुणी म्हणू नये, आणि म्हटलं तरी गावाने ऐकू नये.

शहराचा एक तुकडा मात्र जमिनीवर तसाच उभा आहे. त्रिविक्रमाचं मंदिर विटांचं, मागची बाजू अर्धवर्तुळाकार, छत हत्तीच्या पाठीसारखं. कार्ले-भाजे पाहिलेल्याला ही आकृती लगेच ओळखता येते, चैत्यगृहाची. हे मुळात बौद्ध चैत्य असावं आणि पुढे मंडप जोडून ते वैष्णव मंदिर झालं, असं कझिन्स यांनी मांडलं. आंध्रातल्या चेझर्लाच्या कपोतेश्वर मंदिराची कहाणी अशीच. कुणाचं काय मोडून कुणी काय केलं या वादात आज ज्यांना रस आहे त्यांनी हे लक्षात घ्यावं की इमारत टिकली ती वापरात राहिल्यामुळेच. पूजा बंद पडली असती तर विटा गावातल्या भिंतींत गेल्या असत्या. या विटांबद्दल तेरकर पाहुण्याला हमखास एक गोष्ट सांगतात: त्या पाण्यावर तरंगतात. दुसरं जुनं विटांचं देऊळ उत्तरेश्वराचं. त्याची कोरीव लाकडी द्वारचौकट आता संग्रहालयात आहे. दख्खनच्या हवेत इतकं जुनं लाकूडकाम टिकणं फार दुर्मीळ, आणि मातीच्या मूर्तींच्या गर्दीत ती चौकट बघायची राहून जाते, म्हणून इथे मुद्दाम उल्लेख.

बहुतेक मराठी माणसांना मात्र तेर ठाऊक आहे ते या कशामुळेही नाही. ते ठाऊक आहे गोरोबाकाकांमुळे. संत गोरा कुंभार तेरचे. परंपरेनुसार शके 1239, म्हणजे इसवी सन 1317 च्या चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांनी इथे समाधी घेतली. ही समाधी तेरणेच्या काठी, कालेश्वराच्या देवळाजवळ आहे, आणि त्यांचं म्हणून दाखवलं जाणारं घरही गावात आहे. थापटण्याने संतांची डोकी तपासून नामदेवाचं मडकं कच्चं ठरवणारे गोरोबा वारकरी परंपरेत सर्वांचे काका झाले. सातवाहन काळातल्या कुंभारांच्या साच्यांनी भरलेल्या गावातून तेराव्या शतकात एक कुंभार संत निघावा, यात गूढ काही नाही. नदीकाठची माती चांगली होती आणि हा धंदा इथे बाराशे वर्षं चालू होता, हे साधं कारण पुरेसं आहे. तरी संग्रहालय आणि समाधी या दोन गोष्टी तेरमध्ये एकमेकींना पाठ करून उभ्या असल्यासारख्या वाटतात. यात्रेला आलेली दिंडी काकांचं दर्शन घेऊन परतते. संशोधक येतो तो मूर्तींची छायाचित्रं घेऊन निघून जातो.

चैत्रात तेरची यात्रा भरते. धाराशिवहून गाव वीसेक किलोमीटरवर आहे, आणि समाधीहून संग्रहालय काही लांब नाही. यात्रेकरूंनी घटकाभर तिकडे वळावं. काकांच्या हातची नसली तरी त्यांच्या पूर्वजांच्या हातची मडकी तिथे आहेत. आणि तेरच्याच लोकांना एक विनंती. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे आणि दहा रुपयांहून अधिक मोलाची गोष्ट जमिनीत सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावी लागते, हे खरं. पण कायद्याच्या धाकाने नव्हे, लामतुऱ्यांनी दाखवलेल्या वाटेने, पायाभरणीत किंवा नांगराच्या फाळाला जे काही लागेल ते संग्रहालयात पोचवा. सोबत एका कागदावर लिहून द्या: कुठलं शेत, किती हात खोल, शेजारी काय होतं. लामतुऱ्यांच्या संग्रहाला हाच कागद मिळाला नव्हता.