बोंडातला चीक

अफू हा शब्द मूळचा ग्रीक. ‘ओपोस’ म्हणजे झाडाचा चीक. त्यावरून ‘ओपियन’, अरबी-फारसीत ‘अफ्यून’ आणि संस्कृत वैद्यकात ‘अहिफेन’, म्हणजे सापाचा फेस. परक्या शब्दाला पंडितांनी संस्कृत अंगरखा चढवला खरा, पण विषाची खूण त्यात नेमकी उतरली. अनारशाला लागणारी खसखस याच बोंडातली. नशा मात्र सालीत. बोंडाला दुपारी चिरा देतात आणि रात्रभर पाझरून तपकिरी झालेला चीक सकाळी खरवडून घेतात. मुंबईत गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना याच चिकाची ‘बाळगोळी’ देत. मूल दिवसभर झोपून राही. मात्रा चुकली तर उठतच नसे.

१८०५ च्या सुमारास जर्मनीतल्या एका औषधालयातला तरुण मदतनीस फ्रीडरिश सेर्टुर्नर याने चिकातले मुख्य द्रव्य वेगळे केले. ग्रीकांचा स्वप्नदेव मॉर्फियस याच्यावरून ते मॉर्फिन झाले. शिरेतून दिले तरी त्याचा पुरता जोर चढायला वीसेक मिनिटे लागतात. तेवढ्यात कळ थांबली नाही म्हणून दुसरा डोस गेला, तर दोन्हींचा भार एकदम पडतो. यकृतात मॉर्फिनचे रूपांतर होते. त्यातला एक पदार्थ तितकाच जोरकस, आणि तो बाहेर पडतो मूत्रपिंडातून. मूत्रपिंड थकलेले असेल तर तो अंगात साचतो.

छत्रपती संभाजीनगरची ‘घाटी’, म्हणजे १९५६ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, असो की तालुक्याचा छोटा दवाखाना, ऑपरेशननंतर कळ थांबवायला मॉर्फिन दिले की राखण करायची ती श्वासाची. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूचा तळ श्वास घ्यायला लावतो. अफूच्या कुळातली औषधे हीच जाणीव बोथट करतात. रुग्ण आधी पेंगतो, मग श्वास मिनिटाला आठ-दहावर उतरतो. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर इथे फसवतो: नाकाला ऑक्सिजन असेल तर आकडा ९८ दाखवत राहतो, आत कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. छातीवर नजर ठेवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजणाऱ्या सिस्टरला धोका यंत्राच्या आधी कळतो.

उताराही याच कुळातला. १९६१ मध्ये पेटंट घेतलेले नॅलॉक्सोन मेंदूतल्या त्याच जागांवरून मॉर्फिनला हुसकावते. दोन-तीन मिनिटांत श्वास परततो, कळही परतते. पण त्याचा असर तासाभरात ओसरू लागतो आणि मॉर्फिन त्याहून जास्त टिकते. म्हणून डोळे उघडलेल्या रुग्णाला लगेच वॉर्डात हलवत नाहीत.