पाऊस हटला तेव्हा इनामगावच्या चुलींचं काय झालं



दुष्काळाचा विषय निघाला की घरातली म्हातारी माणसं बहात्तर सालावर येतात. खडी फोडली, सुकडी खाल्ली, सगळं सांगतात. आज आम्ही तुम्हाला त्याच्याही मागं नेणार आहोत, तीन हजार वर्षं मागं.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथल्या जुन्या पांढरीत डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६८ पासून बरीच वर्षं खोदकाम केलं. शंभरावर घरं उघडी पडली. शिलालेख नाही. सापडलं ते काय, तर चुली, खापरं, कणगी ठेवायचे ओटे, धान्याची पेवं, जळके दाणे, हाडं. बाईच्या हाताखालचंच सगळं. म्हणून तर हा इतिहास आम्हाला जवळचा वाटला.

इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास इथं वस्ती झाली. लोखंड नव्हतं, थोडं तांबं आणि दगडाची पाती. फिरतं जातंही नव्हतं, दगडी पाट्यावर धान्य रगडायचं. हा पट्टा तेव्हाही कमी पावसाचाच. म्हणून मुख्य पीक जव, कारण त्याला गव्हापेक्षा पाणी कमी लागतं. जोडीला मसूर, वाटाणा, कुळीथ. नदीचं पाणी वळवायला त्यांनी चर खणला, बांध घातला. एक पाच खोल्यांचं मोठं घर सापडलं, शेजारी धान्याचं कोठार. गावाचं धान्य तिथं जमा होत असावं, ते घर प्रमुखाचं असावं, असं अभ्यासक म्हणतात. बाकीची घरंही ऐसपैस, चौकोनी.

मग इसवी सनापूर्वी १००० च्या आसपास चित्र बदललं. पाऊस कमी होत गेला, असं ढवळीकरांचं म्हणणं. चौकोनी घरं गेली, लहान लहान गोल झोपड्या आल्या. मडकी ओबडधोबड झाली, त्यांच्यावरची नक्षी कमी झाली. शेती आटली, शिकार वाढली, आणि भर शेळ्यामेंढ्यांवर आला. हे ऐकून आमच्या बैठकीत एक मावशी पटकन म्हणाल्या, "मग आपण तरी दुसरं काय केलं? बैल विकला, शेळी घेतली." बचत गटातून शेळीसाठी कर्ज घेणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. शेळी काट्याकुट्यावर जगते, गाईला वैरण लागते.

एक गोष्ट वाचताना मात्र आम्ही सगळ्या गप्प झालो. तिथं लहान मूल गेलं की दोन मडक्यांत ठेवायचे, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. बऱ्या काळातही हीच रीत होती. अशी मडकी पुष्कळ सापडली. म्हणजे ज्या जमिनीवर आई सारवायची, त्याच जमिनीखाली तिचं लेकरू.

सगळा दोष पावसावर टाकावा का? आम्हाला तसं वाटत नाही. तापी आणि गोदावरीच्या खोऱ्यातली याच लोकांची बहुतेक गावं १००० च्या सुमारास ओस पडली. इनामगाव मात्र त्यानंतरही तीनशे वर्षं टिकलं. पाऊस एकट्यानं सगळं ठरवत असता तर तेही तेव्हाच उठलं असतं. आम्हाला वाटतं, खाणं, घर, जनावर, तिन्ही बदलायची त्यांची तयारी होती. त्यात मानही गेला असेल. मोठं घर सोडून झोपडीत राहायचं म्हणजे सोपं नाही.

तीनशे वर्षं म्हणजे दहा-बारा पिढ्या. शेवटच्या पिढीतल्या बायांना आपल्या पणज्यांची ऐसपैस घरं ऐकूनही माहीत नसतील. त्यांना झोपडीच घर. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास तीही चूल विझली आणि गाव उठलं.