शरणपूरला कोण शरण आले?

गेल्या दिवाळीत आम्ही सारे मुलुंडहून नाशिकला निघालो होतो. कसाऱ्याचा घाट चढल्यावर नेहमीप्रमाणे चिवड्याचा डबा उघडला गेला आणि खाता खाता नातीने विचारले, “आजोबा, मावशीआजी शरणपूर रोडला राहते ना? तिथे कोण शरण आले होते?”

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. डॉ. लिव्हिंग्स्टनचा पाठ तर मला तोंडपाठ. पण या प्रश्नापुढे मी मुकाट्याने शेंगदाणे वेचीत बसलो. परत आल्यावर पुस्तके काढली, आणि आपण इतकी वर्षे मुलांना अर्धाच पाठ शिकवला हे ध्यानात येऊन मनातून ओशाळलो.

शरणपूर वसवले ते विल्यम साल्टर प्राइस या चर्च मिशनरी सोसायटीच्या पाद्र्याने, १८५४ च्या सुमारास. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांना आसरा असावा, हा हेतू. पण थोड्याच वर्षांत तिथे निराळेच पाहुणे आले. अरबी समुद्रात गुलाम वाहून नेणारी गलबते इंग्रजी आरमार पकडी आणि सुटलेली माणसे मुंबईच्या बंदरात उतरवी. त्यांतली बरीच मुले सरकार मिशनच्या हवाली करी. आफ्रिकेच्या आतल्या मुलखातून पळवून आणलेली ती मुले अशी गोदाकाठी आली. तिथे त्यांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकवीत. ज्यांची बुद्धी तल्लख, त्यांना शिक्षक आणि धर्मोपदेशक होण्यासाठी तयार करीत. इंग्रजी ग्रंथांत त्यांना ‘नाशिकची पोरे’ म्हटले आहे. यातली काही ‘पोरे’ पुढे म्हातारी झाली तरी ग्रंथांतून पोरेच राहिली!

१८६५ मध्ये लिव्हिंग्स्टन मुंबईला आला, तेव्हा शरणपूरची नऊ मुले त्याने आपल्या शेवटच्या सफरीसाठी निवडली. पुढे १८७२ मध्ये आणखी काहीजण त्याला जाऊन मिळाले. त्यांत जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ रोजी चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. त्याचे हृदय झाडाखाली पुरले, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती वेनराइटने. झाडाच्या सालीवर नाव कोरले तेही त्यानेच. मग सोबत्यांनी तो देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणला. आणि मी वर्गात काय सांगत असे? ‘साहेबांचे विश्वासू नोकर.’ संपले!

पण खरी गोष्ट याहून मोठी आहे. मोंबासाजवळ राबाई नावाचे गाव आहे. क्राफ आणि रेबमान या जर्मन पाद्र्यांनी १८४६ मध्ये तिथे ठाणे मांडले. पुढची वीस वर्षे होत आली तरी त्यांच्या पदरी पडलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी. १८६४ मध्ये नाशिकला शिकलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर तिथे पोचले. मायदेशी आले म्हणावे तर हा किनारा त्यांचा नव्हे. अनेकांची आईची भाषा लहानपणीच हरवलेली, तेव्हा किनाऱ्यावरची स्वाहिली नव्याने गिरवायची. पण पळवून नेले जाणे म्हणजे काय, हे ज्याला कुणी शिकवावे लागत नाही, असा उपदेशक राबाईला प्रथमच मिळाला. १८७३ च्या तहाने झांजिबारचा गुलामबाजार बंद झाला. पुढल्या दोन वर्षांत प्राइसने मोंबासासमोर मुक्त गुलामांची वसाहत वसवली, आणि मुंबईच्या माजी गव्हर्नरावरून तिचे नाव पडले फ्रेअर टाउन. नाशिक-मुंबईकडची सुमारे दीडशे माणसे तिकडे गेली. शाळेत आणि सुताराच्या नेटावर तीच उभी राहिली.

रोपाचे बीही मग वाऱ्यावर गेले. गिर्यामा मुलखात अबे न्गोआ नावाच्या म्हाताऱ्याभोवती प्रार्थनेला माणसे जमू लागली. फुलादोयो येथे त्यांनी आपली वस्ती केली, पळून आलेल्या गुलामांना थारा दिला. गोरा पाद्री तिथे राहत नव्हता. गुलामांच्या मालकांनी १८८३ मध्ये तिथल्या डेव्हिड कोई याला ठार मारले.

धर्मांतर चांगले की वाईट, हा वाद मी फराळाच्या ताटावर काढणार नाही. मला खटकते ते वेगळेच. या माणसांवर काम सारे सोपवले; अधिकार मात्र हात आखडून दिला. राबाईला येऊन एकवीस वर्षे झाल्यावर, १८८५ मध्ये, बिशप हॅनिंग्टनने जोन्स आणि सेमलर यांना डीकनची दीक्षा दिली. त्याच वर्षी बिशप जोन्सला बरोबर घेऊन युगांडाकडे निघाला. वाटेत जोन्स व बहुतेक हमाल यांना मागे ठेवून तो पुढे गेला, आणि ऑक्टोबरअखेर मारला गेला. जोन्सने वाट पाहिली, बातमीची खात्री करून घेतली आणि उरलेला तांडा पायी परत आणला. १८८६ च्या फेब्रुवारीत ते राबाईत शिरले, तेव्हा पुढे निळे निशाण होते. त्यावर पांढऱ्या अक्षरांत शब्द होता ‘ईखाबोद’. जुन्या करारातला शब्द, वैभव लोपले अशा अर्थाचा. गोरा कप्तान नसलेला तांडा शेकडो मैल सुखरूप आणणाऱ्याने निशाणावर स्वतःचा मोठेपणा नव्हे, दुःख लिहिले!

पुढे जोन्सच्या राबाईत पळालेले गुलाम इतके जमले की मालक चवताळले. शेवटी ब्रिटिश पूर्व आफ्रिका कंपनीने मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ रोजी राबाई व आसपासच्या ठाण्यांवरचे हजाराहून अधिक गुलाम मोकळे झाले. तरीही पगार आणि मान यांवरून गोऱ्या पाद्र्यांशी या नाशिककरांचे खटके उडतच राहिले.

हे सारे नातीला सांगितले. ती म्हणाली, “मग ती मुले शेवटी आपल्या घरी गेली का?”

“किनाऱ्यापर्यंत गेली,” मी म्हटले. “घर पुष्कळ आत होते.” त्यांच्यातला मॅथ्यू वेलिंग्टन, लिव्हिंग्स्टनचा देह वाहणाऱ्यांपैकी एक, १९३५ मध्ये मोंबासातच वारला. फ्रेअर टाउनमध्ये गुलाम पकडणारे येताना दिसले की इशारा द्यायला एक घंटा टांगली होती. तिचा मनोरा अजून आहे. स्वाहिलीत घंटेला ‘केंगेले’ म्हणतात, आणि त्या नाक्याला लोक आजही केंगेलेनी म्हणतात.