चिठ्ठी सगळ्यांनी पाहिली, नकाशा कुणी पाहिला?

मतमोजणीच्या दिवशी आम्हा पत्रकारांचं सगळं लक्ष आकड्यांवर असतं. कोण आघाडीवर, किती फेऱ्या राहिल्या, कुणाच्या कार्यकर्त्यांनी गुलाल आधीच आणून ठेवलाय. गेली वीसेक वर्षं मीही हेच करत आलोय. पण निकालाचा बराचसा भाग मोजणीच्या कितीतरी आधी, बंद खोलीत ठरलेला असू शकतो. हे मला नीट कळलं ते अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याचा एक निकाल वाचताना. जरा लांबची गोष्ट आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

व्हर्जिनिया हे चुरशीचं राज्य. १९६४ नंतर राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत तिथं रिपब्लिकन उमेदवार जिंकायचा. २००८ मध्ये ओबामांनी ही परंपरा मोडली. तिथल्या विधिमंडळाच्या खालच्या सभागृहाला हाऊस ऑफ डेलिगेट्स म्हणतात. आपल्या विधानसभेसारखंच, जागा १००. २०१७ च्या निवडणुकीआधी त्यात रिपब्लिकन ६६ आणि डेमोक्रॅट ३४ होते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये मतदान झालं आणि डेमोक्रॅट पक्षाची लाट आली. गव्हर्नरपदाची निवडणूक राल्फ नॉर्दम यांनी जवळपास ९ टक्क्यांच्या फरकानं जिंकली. हाऊसमध्ये मात्र सगळं अडलं एका जागेवर. न्यूपोर्ट न्यूज शहरातला ९४ क्रमांकाचा मतदारसंघ. रिपब्लिकन डेव्हिड यान्सी विरुद्ध डेमोक्रॅट शेली सायमंड्स. पहिल्या मोजणीत यान्सी १० मतांनी पुढे.

१९ डिसेंबरला फेरमोजणी झाली. सायमंड्स एका मतानं जिंकल्या. ११,६०८ विरुद्ध ११,६०७. टीव्हीवर बातम्या चालल्या, अभिनंदनं झाली. दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांसमोर एक मतपत्रिका आली. मतदारानं दोन्ही उमेदवारांसमोरचे गोल भरले होते आणि सायमंड्स यांच्या गोलावर एक रेघ मारली होती. आदल्या दिवशी ही मतपत्रिका बाद धरली होती. न्यायाधीशांनी इतर खुणा पाहून ठरवलं, हे मत यान्सींचं. झालं, दोघांनाही ११,६०८.

मग कायद्याप्रमाणे चिठ्ठी. ४ जानेवारी २०१८, राजधानी रिचमंड. दोन नावं कागदावर छापून कॅमेऱ्याच्या रिळाच्या दोन छोट्या डब्यांत घातली. त्या डब्या एका वाडग्यात टाकल्या. वाडगाही साधासुधा नाही, राज्याच्या कलासंग्रहालयातून आणलेला. निवडणूक मंडळाचे अध्यक्ष जेम्स अल्कॉर्न यांनी सगळ्या कॅमेऱ्यांसमोर हात घातला. नाव निघालं यान्सींचं. सायमंड्स त्या खोलीतच बसल्या होत्या. रिपब्लिकनांकडे ५१, डेमोक्रॅटांकडे ४९. सत्ता वाचली.

आपल्याला हे नवीन नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० मध्ये भाजपचे अतुल शाह आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली होती. तिथंही चिठ्ठी काढली, शाह जिंकले. अशा बातम्या लोक आवडीनं वाचतात. आम्हीही त्या आवडीनं छापतो आणि खाली एक ओळ टाकतो, 'प्रत्येक मत मोलाचं'.

पण मला त्या वाड्याग्याबद्दल वेगळंच वाटतं. चिठ्ठीत कुणावर अन्याय झाला नाही. दोन डब्या, दोन नावं, सगळ्या जगासमोर. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. राज्यभरात ९ टक्क्यांनी पुढे असलेल्या पक्षावर सभागृहात चिठ्ठीची वाट बघायची वेळ आलीच कशी? उमेदवार कमीजास्त असतात, काही जागांवर लढतच होत नाही, ही कारणं आहेतच. पण मोठं कारण होतं २०११ सालचा मतदारसंघांचा नकाशा.

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर मतदारसंघ नव्यानं आखतात. व्हर्जिनियात तेव्हा हे काम आमदारच करायचे. म्हणजे ज्यांना निवडून यायचंय तेच हद्दी ठरवणार. २०११ मध्ये हाऊसमध्ये रिपब्लिकनांचं बहुमत होतं. त्यांनी कृष्णवर्णीय मतदारांची संख्या जास्त असलेल्या १२ मतदारसंघांसाठी एक आकडा धरला. मतदानाच्या वयातले किमान ५५ टक्के लोक कृष्णवर्णीय असले पाहिजेत. वरवर वाटतं, अल्पसंख्याकांच्या भल्याचंच आहे. हिशोब असा की हे मतदार बहुतेक डेमोक्रॅटांना मत देतात. त्यांना मोजक्या मतदारसंघांत कोंबलं, की तिथला डेमोक्रॅट ७०-८० टक्क्यांनी जिंकतो आणि शेजारचे चार मतदारसंघ मोकळे होतात. मतं वाया जातात, तीही जिंकून.

आता यातली गंमत बघा. त्या नकाशाच्या बाजूनं हाऊसमधल्या बऱ्याच डेमोक्रॅट आमदारांनीही मतदान केलं होतं. का? त्यांची स्वतःची जागा पक्की होत होती ना! पक्ष कुठलाही असो, बसलेल्या आमदाराला सुरक्षित मतदारसंघ आवडतोच.

हा खेळ व्हर्जिनियाला नवाही नाही. १७८९ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या काँग्रेसची निवडणूक झाली. विधिमंडळावर पॅट्रिक हेन्री यांचं वजन होतं आणि जेम्स मॅडिसन हे त्यांचे विरोधक. मॅडिसन यांचा तालुका मुद्दाम त्यांच्या विरोधातल्या भागांशी जोडला गेला, असं सांगतात. समोर उमेदवार जेम्स मन्रो. मॅडिसन तरीही १,३०८ विरुद्ध ९७२ मतांनी जिंकले. पुढं दोघंही राष्ट्राध्यक्ष झाले. हद्दींच्या या चलाखीला अमेरिकेत 'जेरीमँडर' म्हणतात. हा शब्द १८१२ चा. म्हणजे चलाखी आधी, नाव नंतर.

२०११ च्या नकाशाविरुद्ध काही मतदार कोर्टात गेले. खटला अनेक वर्षं चालला. जून २०१८ मध्ये तीन न्यायाधीशांच्या संघीय न्यायालयानं ११ मतदारसंघ वंशाच्या आधारावर बेकायदा आखलेत असा निकाल दिला. त्यातला एक सायमंड्स यांच्या शेजारचा, ९५ क्रमांकाचा. एकाची हद्द हलली की शेजाऱ्याचीही हलते. २०१९ मध्ये नव्या नकाशावर निवडणूक झाली, ९४ मध्ये पुन्हा तेच दोघं समोरासमोर. या वेळी सायमंड्स सहज जिंकल्या, चिठ्ठीची गरजच पडली नाही. डेमोक्रॅट ५५ जागांवर गेले.

मधल्या काळात आणखी एक झालं. २०१७ मध्ये सत्ता जाता जाता वाचल्याचा धसका रिपब्लिकनांनी घेतला असावा. गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याची व्याप्ती वाढवायला ते कित्येक वर्षं नकार देत होते. मे २०१८ मध्ये त्यांच्याच काही आमदारांनी हाऊसमध्ये त्याला पाठिंबा दिला आणि सुमारे ४ लाख लोकांना विमा मिळायचा रस्ता उघडला. जागा धोक्यात आली की आमदाराला माणसं दिसायला लागतात. पक्क्या जागेचा सगळ्यात मोठा तोटा हाच.

२०२० मध्ये जनतेनं मतदानानं नकाशाचं काम आमदारांच्या हातून काढलं आणि १६ जणांच्या आयोगाकडे दिलं. आठ आमदार, आठ नागरिक. आयोगात पहिल्याच खेपेला एकमत झालं नाही, शेवटी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तज्ज्ञ नेमून नकाशा करून घेतला. त्या नकाशावर २०२३ मध्ये डेमोक्रॅट ५१, रिपब्लिकन ४९. चुरस कायम!

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण २०२५ मध्ये टेक्सासमध्ये रिपब्लिकनांनी मध्येच काँग्रेसचा नकाशा बदलला. त्याला उत्तर म्हणून ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनियाच्या डेमोक्रॅटांनीही मधेच नकाशा बदलता यावा म्हणून घटनादुरुस्तीचा ठराव मंजूर केला. कालपर्यंत ज्यांचा नकाशाला विरोध होता, तेच पेन्सिल मागायला लागले. कारण कितीही पटणारं असलं, तरी पेन्सिल कुणाच्या हातात आहे हे बघावंच लागतं.

आपल्याकडे लोकसभा-विधानसभेच्या हद्दी आमदार-खासदार स्वतः ठरवत नाहीत, त्यासाठी परिसीमन आयोग असतो, हे चांगलंच आहे. पण नगरपालिका, जिल्हा परिषदेच्या वेळी प्रारूप प्रभाग रचना जाहीर होते, हरकती आणि सूचना मागवतात. त्या दिवशी कार्यालयात कोण असतं? इच्छुक उमेदवार, त्यांचे दोन वकील आणि आम्ही एक-दोन पत्रकार. सामान्य मतदार जवळपास नसतोच. आरक्षणाच्या सोडतीला मात्र सभागृह खचाखच भरतं. सोडतीत थरार असतो, नकाशात नसतो. आम्ही पत्रकारही नकाशाची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपवतो. हा दोष आमचाही आहे.

म्हणून पुढच्या वेळी प्रारूप रचना लागली की एकदा जाऊन बघा. आपली गल्ली कुणाला जोडली, कुणापासून तोडली, एवढंच बघा. न पटलं तर मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या. मतदानाच्या दिवशी रांगेत उभं राहण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

तुमच्या प्रभागाची हद्द तुम्हाला माहीत आहे का? खाली लिहा.