बाटलीवर उतरलेली भिंत

१९८८ सालच्या ‘शातो मूटाँ रोथशिल्ड’ या फ्रेंच वाइनच्या लेबलावर मेंढे नाचताना दिसतात. जाड, एका दमात ओढलेली रेषा. छायाप्रकाशाचा सोस नाही. हे मेंढे काढणारा कीथ हेरिंग हा न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतला चित्रकार. जाहिरातींसाठीच्या रिकाम्या काळ्या फलकांवर तो १९८० पासून पांढऱ्या खडूने चित्रे काढीत असे, आणि त्यापायी त्याला अनेकदा पोलिसांनी पकडले होते. ज्या रेषेसाठी हातकड्या पडल्या, तीच रेषा काही वर्षांत जगातल्या अतिमहाग वाइनच्या बाटलीवर मानाने चिकटवली गेली.

रस्त्यावरचे चित्र बाटलीवर कसे पोहोचते, आणि पोहोचल्यावर त्याखाली नाव कोणाचे उरते, हा या धाग्याचा विषय. त्यासाठी बोर्दो, मळवली आणि परंडा अशी तीन ठिकाणे पाहावी लागतात.

मुळात रस्ता आणि दारू यांची गाठ पहिल्यांदा पॅरिसमध्ये पडली ती शिळाछपाईमुळे. दगडावर चित्र काढून त्याचे रंगीत ठसे घेण्याच्या या तंत्राने ज्यूल शेरेने १८६० च्या दशकापासून भिंतीभर मावतील अशी भित्तिपत्रके छापली. १८८१ च्या वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या कायद्याने पत्रके चिकटवण्याचे नियम ठरले आणि शहराच्या भिंती बोलू लागल्या. पिएर बोनारचे ‘फ्रान्स-शँपेन’ हे पत्रक १८९१ मध्ये रस्त्यावर आले. फेसाळत्या ग्लासासह हसणारी एक तरुणी, बस्स. ते पाहून तूलूझ-लोत्रेकही या कलेकडे ओढला गेला, असे सांगतात. म्हणजे दारूचे चित्र आधी भिंतीवर होते. बाटलीवर ते नंतर आले.

बाटलीवर तोवर काय होते? बोर्दोतील मळेवाले आपली वाइन पिंपांतून व्यापाऱ्यांकडे पाठवीत. बाटल्या व्यापारी भरत आणि नावही बहुधा त्यांचेच मिरवे. १९२४ मध्ये तरुण फिलीप द रोथशिल्ड याने ठरवले, की सगळी वाइन मळ्यातच बाटलीबंद होईल. ती घोषणा करण्यासाठी त्याने लेबल करायला दिले ते जाँ कार्लूला, म्हणजे भित्तिपत्रके करणाऱ्या माणसाला. घनवादी वळणाचे मेंढ्याचे डोके आणि रोथशिल्ड घराण्याचे पाच बाण. बोर्दोला ते मुळीच रुचले नाही. प्रयोग थांबला, आणि पुन्हा सुरू झाला तो १९४५ मध्ये, युद्धविजयाच्या खुणेसह. मग दरवर्षी एक चित्रकार: दाली, शागाल, वॉरहॉल, आणि २००९ च्या वाइनसाठी मुंबईत जन्मलेला अनिश कपूर. मोबदला पैशांत नाही, वाइनच्या पेट्यांत. पण लेबलावर चित्रकाराचे नाव असते. ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण आपल्याकडची कहाणी नेमकी इथेच वेगळी होते.

मराठीत ‘छाप’ या एका शब्दात मुद्रण आणि व्यापारी खूण, दोन्ही अर्थ आहेत. ज्या गिऱ्हाइकाला वाचता येत नाही, त्याला चित्र वाचता येते. तो ‘घोडा छाप’ मागतो. कापडाच्या ठाणावरचे तिकीट असो वा काडेपेटीवरचा कागद, आपल्याकडे मालाचे नाव हे चित्राचेच नाव होते.

ही चित्रे रंगीत झाली ती याच शिळाछपाईने. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला; जर्मन यंत्रे, जर्मन कारागीर. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. देवघरातली लक्ष्मी आणि सरस्वती तिथे छापली गेलीच. पण त्याच छापखान्याने जाहिराती आणि लेबलेही छापली. १९७२ च्या आगीत तो जळाला. रविवर्म्याचे नाव राहिले. त्याच्या चित्रांवरून दगडावर रंगागणिक नवी आखणी करणारे, एकेका रंगाचा ठसा जुळवणारे हात मात्र बहुतांशी निनावी गेले.

रस्त्यावरही तेच. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी चित्रपटांची पोस्टरे आणि भव्य फलक रंगवले. पंढरपुरात १९१५ मध्ये जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी १९३० च्या दशकात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले. ही दोन नावे टिकली, कारण ती फलकांच्या पलीकडे गेली. बाकीच्यांची सही फलकाच्या कोपऱ्यात असे: आडनाव आणि पुढे ‘पेंटर’ किंवा ‘आर्ट्‌स’. पाऊस आधी कोपराच खातो.

आता वाइन. नाशिकला १९९९ मध्ये सुला उभी राहिली; २००१ मध्ये राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले; सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्लीचे मळे लागले. परंड्याचा परिसरही द्राक्षबागांचाच. सुलाच्या बाटलीवर मिशीवाला सूर्य आहे. दारावर, भिंतीवर, पंचांगाच्या पानावर चेहऱ्याचा सूर्य काढण्याची आपली रीत जुनी. तिला मिशा फुटून ती बाटलीवर आली. महाराष्ट्रातल्या रस्त्याने वाइनच्या लेबलावर काय दिले, याचे सर्वांत सहज ओळखू येणारे उत्तर तेच. फ्रेंच द्राक्षवेलींची नक्कल करणाऱ्या इतर अनेक लेबलांपेक्षा ते उजवे आहे, कारण ते दुकानाच्या फळीवर दहा फुटांवरून वाचता येते. भित्तिपत्रकाची पहिली अटही हीच.

यात कायद्याचाही हात आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्याच्या जाहिरातीवर बंधने घातली. बोनारचे पत्रक आज परंड्याच्या बसस्थानकावर लावता येणार नाही. भिंत बंद झाल्यावर उरते ते बाटलीभोवतीचे तळहाताएवढे कागद. त्यातही आरोग्याचा वैधानिक इशारा, मद्यार्काचे प्रमाण आणि उत्पादकाचा पत्ता यांनी बरीच जागा घेतलेली. मळवलीचे सर्वांत लोकप्रिय चित्र, कमळातली लक्ष्मी, तिथे कोणी लावू धजणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मराठी पाट्यांचा निर्णय घेतला, तेव्हा मद्यविक्रीच्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावे देण्यासही मनाई केली. तो नियम दुकानाच्या पाटीचा, लेबलाचा नव्हे. तरी कलाकाराला कोणत्या वाटेने जायचे नाही ते त्यातून कळते.

मग परंड्याचे लेबल करायचे तर चित्र कोणते? किल्ला नाही, देव नाही. पण परंड्याशी निगडित असे एक सार्वजनिक शिल्प आहे, जे आज परंड्यात नाही: ‘मलिक-ए-मैदान’ तोफ. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, सुमारे ५५ टनांची ही तोफ निजामशाहीच्या या किल्ल्यावर होती. १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली, आणि आज ती तिथल्या बुरुजावर आहे. तिचे तोंड म्हणजे आ वासलेले श्वापद, आणि दातांच्या दोन्ही बाजूंना चिरडला जाणारा हत्ती. शत्रूने लांबूनच ‘वाचावे’ म्हणून घडवलेले चित्र. हेरिंगच्या रेषेसारखेच ते धीटपणे थोडक्यात बोलते.

तोफेवर लेखही आहेत. ओतणाऱ्याचे नाव: मुहम्मद बिन हसन रूमी. राज्यकर्ता: निजामशाह. वर्ष: हिजरी ९५६. उत्पादक, मळा आणि साल. वाइनच्या लेबलावर याहून वेगळे काही नसते. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपला लेख कोरवला, की ती आता त्याची झाली. निजामशाही गेली, आदिलशाही गेली, नव्या धन्याने आपले नाव घातले. कारागिराचे नाव मात्र त्याने खोडले नाही. रूमी आजही तोफेवर वाचता येतो.