वारंवार येणारा आनुवंशिक ताप : ओळख आणि निदान

हजीऱ्याच्या वसाहतींत मुलाला ताप आला की आधी मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड तपासतात, आणि ते योग्यच आहे. पण दर वेळी रिपोर्ट निगेटिव्ह, ताप आपोआप उतरतो, मूल काही आठवडे ठणठणीत आणि पुन्हा तेच, असे चालू राहिले तर आम्ही पालकांना तापाची वही ठेवायला सांगतो.

कारण ताप किती दिवस टिकतो, यावरून आजाराचा प्रकार बराचसा कळतो. एक ते तीन दिवस ताप, सोबत पोटात किंवा छातीत जोराची कळ, हे फॅमिलिअल मेडिटरेनियन फीव्हरचे लक्षण. तान्हेपणी सुरू होणारा, अनेकदा लस टोचल्यावर उसळणारा, चार-सहा दिवसांचा ताप आणि मानेत गाठी असतील तर मेव्हॅलोनेट कायनेजच्या कमतरतेचा संशय घेतात. आठवड्याहून लांबणारा, डोळ्यांभोवती सूज आणणारा ताप बहुधा ट्रॅप्सचा. यातले पहिले दोन आजार सदोष जनुक आई-वडील दोघांकडून आले तर होतात. म्हणून डॉक्टर विचारतात, "तुमचं लग्न नात्यात झालंय का?" मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवे नाही, उत्तर देताना संकोचू नये.

तापात आणि ताप उतरल्यावर, दोन्ही वेळा सीआरपी तपासतात. मग जनुक चाचणी. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत जनुकाइतकेच लक्षणांनाही महत्त्व आहे.

दुर्लक्ष झाल्यास वर्षानुवर्षांच्या दाहामुळे मूत्रपिंडात अमायलॉइड साचू शकते. त्यामुळे लघवीतील प्रथिनेही तपासून घ्यावीत. पहिल्या आजारावर कोल्चिसिन १९७२ पासून वापरात आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज घ्यायचे, ताप नसतानाही.